उरलेला श्वास

ओबो, म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातलं सनईच्या जातकुळीचं फुंकवाद्य, वाजवताना जीव गुदमरतो, पण तो हवा कमी पडली म्हणून नव्हे. हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने लागले. एखादी लांब ओळ संपत आली की छाती फुटेल असं वाटायचं आणि मी घाईघाईने आणखी श्वास आत ओढायचे. कानशिलं तापायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पुढची ओळ अर्ध्यातच बसायची. शेवटी एक दिवस माझ्या शिक्षकांनी स्टँडवरची वही मिटली आणि म्हणाले, "अगं, आत जागाच नाहीये. आहे ते आधी सोड. मग घे."

ओबोच्या रीडला, म्हणजे ओठांत धरून फुंकायच्या तुकड्याला, दोन पाती असतात आणि त्यांच्यामधली फट जेमतेम नखाच्या जाडीची. तेवढ्या फटीतून हवा जाणार ती किती? ओळ संपेपर्यंत बासरीवाला रिकामा झालेला असतो. ओबोवाल्याच्या छातीत मात्र बरीचशी हवा तशीच पडून राहते, शिळी, उपयोगाची न उरलेली. ती बाहेर टाकायला आधी सुरावटीत एखादी बारीक फट शोधायची आणि नवा श्वास घ्यायला जमलं तर पुढे दुसरी. माझ्या जुन्या वह्यांमध्ये पेन्सिलीच्या खुणा दोन प्रकारच्या आहेत, एक 'सोड'ची आणि एक 'घे'ची. परवा कपाट आवरताना त्या चाळत बसले. 'सोड'च्या खुणा कितीतरी जास्त निघाल्या.

एकवीस वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात दुसऱ्या ओबोच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची सोडूनही आता बरेच दिवस झाले. या वाद्याबद्दल लोक मला एकच प्रश्न विचारतात: कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळे जण तुमच्याकडे बघून वाद्यं का लावतात?

प्रेक्षकांना दिसतं ते एवढंच. गलबला थांबतो, कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या, उभा राहतो, मान वळवतो, आणि ऑर्केस्ट्राच्या मधोमध बसलेला पहिला ओबोवाला 'ए' हा एक स्वर धरतो. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी सेकंदाला ४४० कंपनांचा, युरोपात पुष्कळदा ४४२ किंवा ४४३ चा. त्या एका स्वरावर ऐंशी-नव्वद माणसं आपापली तार ताणतात, नळी सरकवतात. ओबोच का, याचं एक कारण जुन्या नात्यात आहे. तंतुवाद्यांच्या घोळक्यात पहिल्याने येऊन स्थिरावलेल्या फुंकवाद्यांत हा एक. दुसरं कारण आवाजाच्या पोतात आहे. ओबोच्या स्वरात वरचे स्वरांश भरपूर असतात, म्हणून तो गर्दीतूनही धारदार ऐकू येतो. आणि इतरांना जसं नळी ओढून, तार पिळून चटकन खाली-वर होता येतं, तसं ओबोला होता येत नाही. ज्याला हलता येत नाही, त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घेतलेलं बरं.

हा 'ए' देणं म्हणजे काय, ते मला एकदाच कळलं. पहिल्या खुर्चीवरच्या आमच्या सहकाऱ्याला ताप आला आणि त्या संध्याकाळी मला सरकून त्याच्या जागी बसावं लागलं. समोर ट्यूनर ठेवला होता, काटा मधोमध होता, तरी ओठांच्या कडा थरथरत होत्या. सगळं सभागृह त्या एका स्वरावर टेकलेलं. स्वर धरला, व्हायोलिनं त्यावर येऊन मिळाली, चेलो मिळाले, मागून पितळी वाद्यं आली, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की आपला स्वर आपल्याला ऐकूच येत नाहीये. तो सगळ्यांचा झाला होता.

या वाद्याचं मूळ सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या फ्रान्समधलं. त्याआधी शॉम नावाचं दुहेरी पातीचं एक वाद्य होतं, आपल्या सनईच्या जातकुळीतलं, मोकळ्या मैदानात घुमणारं. चौदाव्या लुईच्या दरबारातल्या वादकांनी आणि कारागिरांनी, त्यात ओतेतेर आणि फिलिदोर ही घराणी मुख्य, ते खोलीत बसून व्हायोलिनबरोबर वाजवता येईल असं घडवलं. तीन तुकड्यांचं केलं, रीड थेट ओठांत धरायची केली, म्हणजे आवाज लहान-मोठा करणं वादकाच्या हातात आलं. फ्रेंच लोक त्याला ओबुआ म्हणतात, म्हणजे उंच, मोठ्या आवाजाचं लाकूड. आज बहुतेक ओबो ग्रेनाडिला नावाच्या आफ्रिकी काळ्या लाकडाचे असतात, इतक्या जड लाकडाचे की ते पाण्यात बुडतं. नवा ओबो घेतला की पहिले काही आठवडे तो दिवसाला थोडी थोडी मिनिटंच वाजवायचा, कारण आतून श्वासाची ओल आणि बाहेरून कोरडी हवा यांच्या ओढाताणीत लाकूड तडकतं. माझा पहिला ओबो तडकला तो असाच. वरच्या तुकड्यावर केसाएवढी रेघ उमटली. मी तिच्यावरून बोट फिरवत किती वेळ बसले होते, ते मलाच ठाऊक. दुरुस्ती होते, आडव्या बारीक पिना घालून ती चीर बांधता येते, आणि तसा बांधलेला ओबो पुढे वर्षानुवर्षं वाजतो. माझाही वाजला.

पण ओबोवाल्याचं आयुष्य लाकडापाशी जात नाही. ते जातं रीडपाशी.

बासरीवाला सकाळी उठून बासरी वाजवायला घेतो. ओबोवाला सकाळी उठून सुरीला धार लावतो. रीड बनते ती बोरूच्या जातीच्या नळापासून. दक्षिण फ्रान्सच्या वार भागातला नळ नावाजलेला. तो कापून, उन्हात वाळवून, मुरू देतात. ओबोसाठी लागते ती दहा-अकरा मिलिमीटर जाडीची कांडी. ती उभी चिरून तीन फाका करायच्या, आतून तासून जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास आणायची, भिजवायची, मध्यावर दुमडायची, साच्यात धरून कडा उतरवायच्या. मग ती दुमडलेली पट्टी एका छोट्या धातूच्या नळीवर बांधायची. या नळीला आम्ही स्टेपल म्हणतो, बहुतेक ४७ मिलिमीटरची, खालच्या अंगाला बूच लावलेली. दोरा एका टोकाने टेबलाला बांधलेला असतो, दुसरं टोक बोटांत. प्रत्येक वेढ्याला मनगटाने बरोबर तेवढाच ताण द्यायचा. एक वेढा जास्त झाला तर पाती गळा आवळल्यासारखी मिटतात, एक कमी झाला तर बाजूने हवा गळते.

इथपर्यंतचं सगळं शिकवता येतं. पुढचं शिकवता येत नाही.

दुमडलेलं टोक कापून पाती मोकळी केली की त्यांच्यामध्ये प्लाक सरकवायचा, म्हणजे धातूचा पातळ, बदामी आकाराचा तुकडा, आणि त्याच्या आधारावर सुरीने खरवडायला घ्यायचं. टोकाशी कागदाहून पातळ, मागे थोडा उंचवटा, मधोमध एक कणा. फ्रेंच, जर्मन वादक टोकाजवळचा लहानसाच भाग खरवडतात. अमेरिकन पद्धतीत खरवड दोऱ्याच्या दिशेने पार खालपर्यंत जाते आणि पाठीवर दोन खिडक्या तयार होतात. सुरीचा आवाज ऐकत काम करायचं. धार बरोबर असेल तर नळ बारीक, कोरडी कुजबुज करतो आणि पाठीवरून पिठासारखी भुकटी सुटते. दोनदा खरवडायचं, रीड ओठांत धरून नुसतीच फुंकायची. तिच्यातून कावळ्यासारखा जो घोगरा आवाज निघतो, त्याला क्रो असंच म्हणतात. त्या कावकावीत खालचा आणि वरचा असे दोन स्वर एकमेकांशी जुळलेले ऐकू आले की थांबायचं. आणखी एक हात फिरवला तर बरी होईल, असं वाटतंच. तो हात फिरवला की पुष्कळदा ती गेलेली असते.

दहा बांधल्या तर दोन चांगल्या निघतात, त्यातली एखादी कार्यक्रमाच्या लायकीची. आणि ती टिकते दहा-पंधरा तास. पावसाळी हवेत वेगळी वागते, गरम केलेल्या कोरड्या सभागृहात वेगळी, उंचावरच्या शहरात तर ओळखही देत नाही. दौऱ्यावर विमानातून उतरल्यावर बाकीची मंडळी गाव बघायला बाहेर पडायची. आम्ही ओबोवाले हॉटेलच्या खोलीत दिव्याखाली सुरी घेऊन बसायचो. पाहिलेल्या शहरांपेक्षा मला तिथली टेबलंच जास्त आठवतात.

एका कार्यक्रमाच्या रात्री, स्टेजवर जायला दहा मिनिटं असताना, त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या रीडला माझीच बाही लागली. टोकाचा कोपरा उडाला. आवाजसुद्धा झाला नाही. पाण्याच्या डबीत शेजारीच दुसरी भिजत होती, जरा जड, खालच्या स्वरांना कुरकुरणारी. ती घेऊन गेले. तुटलेली रीड मी टाकली नाही, आजही डबीत आहे. तिच्या दोऱ्याचा रंग निळा होता.

दुसऱ्या ओबोचं काम सांगून कोणाला पटत नाही. लोकांना वाटतं, पहिला जमला नाही तो दुसरा. ओबोचे सगळ्यात खालचे स्वर स्वभावाने ओरडे असतात. तिथे मऊ सूर लावायचा म्हणजे आवाज न करता जड पेटी उचलून ठेवायची. आणि दुसऱ्या ओबोच्या वाट्याला येतात ते हेच स्वर, तेही हळू आवाजात, क्लॅरिनेट आणि बसून या वाद्यांच्या बरोबरीने, एकाच क्षणी सुरू करायचे. उशीर झाला तर सगळ्यांना ऐकू येतो. बरोबर पडला तर कोणालाच ऐकू येत नाही. पहिला ओबोवाला वर गात असतो, तेव्हा त्याच्या पायाखाली जमीन धरायची ती आपण. तो आज किंचित चढा आहे हे ओळखून आपणही तेवढंच चढायचं, यंत्राचा काटा काही का म्हणेना. मी हे काम मन लावून केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

तरीही पहिल्या खुर्चीसाठी मी तीनदा ऑडिशन दिली. पडद्याआड उभं राहून वाजवायचं असतं. मधल्या वाटेवर गालिचा अंथरलेला, म्हणजे चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेही कळू नये. बहुतेक सुरुवात मोत्झार्टच्या ओबो कंचेर्टोने, म्हणजे ओबोला पुढे करून ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेने, होते. त्याने तो १७७७ मध्ये साल्झबुर्गच्या फेर्लेन्दिस नावाच्या ओबोवादकासाठी लिहिला, आणि पुढे तो हरवलाच. बासरीसाठीचा डी मेजरमधला कंचेर्टो तेवढा जगाला माहीत होता. १९२० मध्ये संगीताचे अभ्यासक बर्नहार्ड पाउमगार्टनर यांना साल्झबुर्गमध्ये ओबोच्या कंचेर्टोच्या प्रती सापडल्या, तेव्हा उलगडलं की बासरीवाल्यांचा तो लाडका कंचेर्टो मुळात आमचा होता. आत शिरल्याबरोबर ओबोला एक चढती धाव घेऊन वरचा 'सी' चार बार, म्हणजे तालाचे चार कप्पे, न हलता धरायचा असतो, खाली व्हायोलिनं खेळत असतात. पडद्याआड खाली काहीच नसतं. नुसता 'सी'. तिसऱ्या वेळी तो मला हवा तसा लागला होता. शेवटच्या फेरीत दोघं राहिलो, आणि निवड झाली ती दुसऱ्याची. पुढची नऊ वर्षं मी त्याच्या शेजारी बसले.

त्या नऊ वर्षांत मी जे ऐकलं ते प्रेक्षागृहातल्या कुठल्याच खुर्चीवरून ऐकू आलं नसतं. ब्राम्सच्या व्हायोलिन कंचेर्टोचा दुसरा भाग घ्या. सोलो व्हायोलिनवाला नुसता उभा असतो आणि सुमारे तीस बार सगळी सुरावट ओबोची असते. त्या काळच्या नावाजलेल्या व्हायोलिनवादक सारासातेने म्हणे हा कंचेर्टो वाजवायला याच कारणाने नकार दिला होता, की ओबोवाला गाणार आणि मी हातात व्हायोलिन धरून ऐकत उभा राहणार हे चालायचं नाही. माझा सहकारी ती सुरावट वाजवायचा तेव्हा एका हाताच्या अंतरावरून मला त्याचा श्वास ऐकू यायचा, म्हणजे सोडण्याचा. दोन ओळींच्या मध्ये एक बारीकसा 'हं', मग नव्या श्वासाशिवायच पुढची ओळ, आणि तिच्यानंतर कुठे आत घेतलेली हवा. समोर बसलेल्यांना ती एकच लांब रेघ वाटत असणार. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीत दुसरा भाग ओबोच सुरू करतो, सगळे स्वर जवळजवळ एकाच लांबीचे, आणि वर लिहिलेलं असतं, साधं पण डौलदार. त्या 'साधं'ने किती जणांची झोप उडवली आहे! एकदा त्याच सुरावटीच्या आधी त्याच्या एका कळीखाली पाणी साचलं. त्याने डोळ्यांनी खूण केली, मी सिगरेटचा कागद पुढे केला. आमच्या सगळ्यांच्या स्टँडवर तो असतो. गादीखाली कागद दाबून त्याने पाणी टिपलं, ओबो ओठांना लावला. सगळं मिळून चार सेकंदं. मग ती सुरावट इतकी सरळ आली की मला माझ्या पुढच्या जागेचे बार मोजायचं भानच राहिलं नाही.

जॉन दे लान्सी हे नाव मला अशा वेळी आठवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तो चोविशीच्या आतबाहेरचा अमेरिकन सैनिक होता. त्याआधी पिट्सबर्ग सिंफनीत पहिला ओबोवादक. १९४५ मध्ये त्याची तुकडी जर्मनीत गार्मिशला होती आणि तिथे संगीतकार रिचर्ड श्ट्राउस राहत होते, ऐंशीचे. दे लान्सी त्यांच्या घरी जायचा. एकदा धीर करून त्याने विचारलं, तुमच्या रचनांत ओबोला इतक्या सुंदर जागा आहेत, ओबोसाठी कंचेर्टो लिहायचं कधी मनात आलं का? श्ट्राउस म्हणाले, नाही. विषय संपला. पण नंतर त्यांनी कंचेर्टो लिहायला घेतला आणि त्याच वर्षी पूर्ण केला. हस्तलिखितावर अमेरिकन सैनिकाने सुचवल्याची नोंद केली, फक्त गाव चुकवलं. पिट्सबर्गच्या जागी शिकागो लिहिलं. २६ फेब्रुवारी १९४६ रोजी झुरिकमध्ये मार्सेल सायेने तो पहिल्यांदा वाजवला.

अमेरिकेतलं पहिलं वादन दे लान्सीने करावं अशी श्ट्राउस यांची इच्छा होती. पण तोवर तो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात दाखल झाला होता, पहिल्या खुर्चीवर नव्हे. ती खुर्ची होती त्याच्याच गुरूची, मार्सेल ताब्युतोंची. १९१५ पासून ते तिथे होते आणि तिथल्या कर्टिस या संगीतशाळेत शिकवून त्यांनी अमेरिकेतल्या ओबोवादकांची अख्खी पिढी घडवली होती. स्वरा-स्वराला आकडे देऊन ओळीचा चढ-उतार समजावणारे ते गुरू. त्यांच्या हाताखाली बसलेल्या पोराने पुढे होऊन कंचेर्टो वाजवावा, अशी तिथली रीत नव्हती. तो मान दुसऱ्या ऑर्केस्ट्रातल्या मिच मिलरला मिळाला. १९५४ मध्ये ताब्युतो निवृत्त झाले आणि दे लान्सी त्यांच्या जागी आला. ज्या कंचेर्टोचा प्रश्न त्याने विचारला होता, तो आपल्या ऑर्केस्ट्राबरोबर त्याने १९६४ मध्ये वाजवला, एका दौऱ्यावर, एकदाच. ध्वनिमुद्रित केला १९८७ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर.

त्या कंचेर्टोची सुरुवात ठाऊक असलेल्यांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको. चेलो दोनच बार कुजबुजतात आणि ओबो आत शिरतो तो पन्नासहून जास्त बार विश्रांतीच घेत नाही. श्वास सोडायला जागा कुठे, हे ज्याने त्याने आपलं शोधायचं. दे लान्सीचं ते ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रीड बांधता बांधता. दोरा हातात तसाच राहिला. मी सूर ऐकतच नव्हते, तो कुठे श्वास सोडतो तेवढंच ऐकत होते.

आणि ओबोवादक लेऑन गूसेन्स. लिव्हरपूलचा, १८९७ सालचा जन्म, विशीच्या आतच लंडनमध्ये पहिल्या खुर्चीवर. इंग्लंडमध्ये ओबोला एकट्याने उभं राहून गाणारं वाद्य म्हणून मान मिळाला त्यात त्याचा वाटा मोठा. इंग्लिश संगीतकार वॉन विल्यम्सचा १९४४ चा कंचेर्टो त्याच्यासाठी लिहिलेला. १९६२ मध्ये मोटार अपघातात त्याच्या ओठांना आणि दातांना जबर इजा झाली. ओबोवाल्याचं वाद्य सुरू होतं ते ओठांच्या आतल्या त्या दोन घड्यांपासून, रीडच्या खाली-वर गादी धरतात त्या. पासष्टाव्या वर्षी ती गादीच उरली नव्हती. त्याने ओठ वेगळ्या तऱ्हेने धरायला शिकून घेतलं, नवशिक्यासारखं, आणि पुन्हा स्टेजवर आला. माझे शिक्षक ही गोष्ट सांगताना नेहमी मधेच थांबायचे आणि मला म्हणायचे, "चल, लांब सूर लाव."

माझे ओठ शाबूत होते. बोटांनी दगा दिला, तोही थोडासाच. डाव्या हाताची करंगळी जलद जागांत मागे पडायला लागली. कोणाच्या लक्षात यायच्या आधी उठावं असं ठरवलं आणि उठले.

आता आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते. अठरा वर्षांची, हात चांगला आहे, धीर कमी. तिला मी वाजवायला कमी आणि बांधायला जास्त बसवते, त्यामुळे ती जरा नाराज असते. माझ्या खणात नळाच्या जुड्या आहेत, प्रत्येकीवर कापणीचं साल लिहिलेलं. सगळ्यात जुनी माझ्या ऑर्केस्ट्रातल्या पहिल्या वर्षाची. मुरू दे, मुरू दे म्हणत ठेवली ती राहिलीच. गेल्या आठवड्यात ती सोडली. त्या मुलीने एक कांडी चिरली, तासली, बांधली, खरवडली. फुंकून बघितली, तोंड वाकडं केलं आणि माझ्यापुढे धरली. मी टोकावरून दोन हात फिरवले, उजव्या कोपऱ्यावर अर्धा. तिने घेतली, ओबोला लावली आणि मोठा श्वास आत ओढला.

"थांब," मी म्हटलं. "आधी सोड."